बागुलबुवाच्या झोळीत

दिवाळीच्या सुट्टीत सटाण्याला मामांकडे गेले होते. रात्रीची जेवणं आटोपली आणि वीज गेली. माझी चार वर्षांची लेक अंथरुणात उड्या मारत होती. मामींनी तिच्या अंगावर गोधडी ओढली आणि सहज म्हणाल्या, "झोप गुपचूप. नाहीतर बागुलबुवा येईल हं. झोळीत घालून घेऊन जाईल."

लेक एकदम गप्प झाली. तिची ती शांतता मला सोसेना. मामींना मी काही बोलले नाही. बाहेर ओट्यावर मामा कंदील लावून बसले होते, त्यांच्याजवळ जाऊन बसले. मामांनी आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलं. एकेका शब्दावर टिपणं केलेल्या त्यांच्या वह्या आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत. मी नाशिकला बालवाडीत शिकवते. त्या रात्री आमचं जे बोलणं झालं, ते आठवतं तसं इथे लिहिते आहे.

मी : मामा, मामींना मी उलट बोलणार नाही. पण लेकीला भीती घालून झोपवलेलं मला चालत नाही. माझ्या बालवाडीतली कितीतरी मुलं शू लागली तरी एकटी जात नाहीत. विचारलं की म्हणतात, तिथे 'तो' असतो. तो म्हणजे कोण, हे एकालाही सांगता येत नाही.

मामा : कसं येईल? भूत म्हटलंस तर मी दहा प्रश्न विचारीन. कुणाचं, कुठलं, राहतं कुठे? मुंजा असेल तर मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा, राहणार पिंपळावर. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा पाण्यातला. समंध म्हणजे आपला 'संबंध' हाच शब्द. ज्याचा इथला संबंध तुटला नाही तो. जखीण ही यक्षीण, आसरा या अप्सरा. खवीस अरबीतून आलेला, तिकडे खबीस म्हणजे दुष्ट. यातल्या बहुतेकांना ठिकाण आहे, गोष्ट आहे, नैवेद्य आहे, उतारा आहे. आता मला सांग, बागुलबुवा कशाने मेला?

मी : कशाने मेला? ऐकलं नाही कधी.

मामा : राहतो कुठल्या झाडावर? कुणाच्या अंगात आला? त्याला कुणी नारळ-कोंबडं दिलं? भगताने बागुल उतरवला असं तरी तुझ्या कानावर आलंय? इतक्या वर्षांत बागुलबुवाला भिणारं एकही मोठं माणूस मला भेटलेलं नाही. तो भुतांच्या पंगतीत बसतच नाही. तो नुसता शब्द आहे. सांगणाऱ्याला ठाऊक असतं की असं काही नाही, ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसतं. तेवढ्या फटीत तो राहतो.

मी : मग हे जास्तच वाईट झालं. भुताची गोष्ट सांगणारी म्हातारी निदान स्वतः भ्यालेली असते. इथे मोठं माणूस निर्धास्त आहे, आणि जे आपल्याला मुळीच खरं वाटत नाही ते लेकराला खरं म्हणून सांगतंय. त्या पोराने विश्वास तुमच्यावर ठेवलेला असतो, मामा.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. वाऱ्याने कंदिलाची ज्योत हलत होती. त्यांनी वात जरा खाली केली.

मामा : तू म्हणतेस ती फट ज्ञानेश्वरांनी अचूक हेरली आहे. अमृतानुभवात अविद्येचं खंडन चाललंय. जी मुळातच नाही, तिचा नाश कोण कसा करणार, असा तो वाद. तिथे ते बागुलाचा दाखला देतात. बागुल मेला म्हणून हरखायचं ते पोरपणानं. तो नाहीच हे ज्याला कळलं, त्याने मरण कुणाचं मानायचं? तेराव्या शतकात हा शब्द किती घरोघरचा असेल बघ. तत्त्वज्ञानातल्या इतक्या अवघड जागी त्यांनी तो ठेवला, आणि त्याचा अर्थ सांगत बसावं लागलं नाही. आज पेपरात येतं ना, 'अमक्याचा बागुलबुवा उभा केला जातोय'? तिथेही अर्थ तोच. लिहिणारा आधीच सांगून मोकळा होतो की ही भीती पोकळ आहे. सातशे वर्षांत या शब्दाचा अर्थ तसूभर हललेला नाही.

मी : पण शब्द आला कुठून?

मामा : यावर माझी अर्धी वही भरली आहे. तरुणपणी वाटायचं, हा याच मातीतला. बागुलांचं म्हणून हे आपलं बागलाण, असं इथे सगळेच सांगतात. हा मुल्हेरचा किल्ला, जुनं नाव मयूरगिरी, ती बागुल राजांची राजधानी. तिथल्या नारायणशहासाठी रुद्रकवीने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' रचलं. १६३८ मध्ये औरंगजेबाने हे राज्य मोगलाईत घेतलं. मला वाटायचं, गुजरातेकडे जाणाऱ्या तांड्यांना या डोंगरातल्या राजांचा धाक असणार. त्या धाकाचं नाव तांड्यातल्या आयांनी पोरांना सांगितलं असणार.

मी : किती छान जुळतं!

मामा : फार छान जुळतं, म्हणूनच मला संशय आला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, अमृतानुभव त्याच्या पाठोपाठचा. या राजांचं नाव मोठं झालं ते त्यानंतर. आणि ज्ञानेश्वरांच्या बागुलात राजाही नाही, डोंगरही नाही. नुसतं लहान मूल आणि त्याची भीती. मी तो तर्क सोडला. सोडला याचं आणखी एक कारण आहे. माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार बागुल आडनावाची मुलं असत. एका वर्षी, शाळेच्या पहिल्याच दिवशी, त्यांतल्या एकाला बाकीच्यांनी 'बुवा, बुवा' करून रडकुंडीला आणलं. मी फळ्यावर लिहिलं : बाबूराव बागुल, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. सांगितलं, हा लेखक आपल्याच जिल्ह्यातला, आणि मराठी कथा त्याच्या आधी जशी होती तशी त्याच्यानंतर राहिली नाही. माणसाला जात चोरून जगावं लागतं म्हणजे काय, ते या पुस्तकात आहे. वर्ग गप्प झाला. मधल्या सुट्टीत तो मुलगा पुस्तक मागायला आला. त्यानंतर त्या नावाला भीती चिकटवणं मला जमेना.

(हे सांगताना मामांचा आवाज जड झाला होता. मी त्यांना पुढचं विचारायची घाई केली नाही.)

मामा : मग वाघळाच्या मागे लागलो. वडाला उलटं लटकणारं, तिन्हीसांजेला उडणारं वाघूळ. संस्कृतात वल्गुली. आवाज जवळचा, अंधारही जवळचा. पण 'ळ' आडवा आला. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत बहुधा 'ळ' होतो : फल-फळ, काल-काळ, मूल-मूळ. 'ल' टिकला असेल तर मागे सहसा जोड 'ल्ल' असतो, गल्लचा गाल झाला तसा. बागुलचा 'ल' टिकलेला आहे. प्राकृतात लाडिकपणे बोलताना शब्दाला 'उल्ल' जोडायची रीत होती. बागुल त्या वाटेने आला असेल, तर भीती दाखवतानाही कुणीतरी त्या शब्दाला लाडाची शेपटी लावली आहे.

मी : शेपटी काढली तर काय उरतं? 'बाग'?

मामा : उरतो तो आवाज. ओठ मिटून एकदम उघडले की होतो तो. आपला बाऊ घे. तेलुगूत बूची, रशियनमध्ये बूका, इटलीत बबाऊ, इंग्रजीत बोगी. हे सगळे एका घरातले शब्द आहेत असं मी म्हणणार नाही, बाळाच्या ओठांशी ते जन्मतात एवढंच म्हणेन. नियमही करणार नाही, कारण बंगाल्यांचा जूजू आहे आणि कानड्यांचा गुम्मा. पुरंदरदासांच्या एका पदात बाळकृष्ण यशोदेला विनवतो, गुम्माला बोलावू नकोस.

मी : थांबा. म्हणजे तो गुम्माला म्हणत नाही की येऊ नकोस. आईला म्हणतो, बोलावू नकोस. मामा, त्या पोराला कळलंय की भीतीची दोरी आईच्या हातात आहे. मला हेच खुपतं. ज्या कुशीत शिरायचं, तिथूनच हाक जाते.

मामा : आणि मला त्याच पदात दिलासा दिसतो. आई बोलावू शकते, म्हणजे आई घालवूही शकते. तुझ्या बालवाडीतली मुलं 'तो' म्हणतात ना? आता घरोघरी बागुलबुवा कुठे सांगतात? मग हा 'तो' आला कुठून? अगं, अंधाराची भीती शब्दाने येत नाही. ती लेकरू बरोबर घेऊनच येतं. शब्द मिळाला की तिला कडी घालता येते. 'गेला बागुलबुवा, दार लावलं' म्हणता येतं. बिननावाच्या 'तो'ला तू कुठल्या दाराबाहेर काढणार? आपल्या बाऊकडेच बघ. घाबरवणारा तो बाऊ, आणि गुडघा खरचटला तरी 'बाऊ झाला'. दोन्हींवर इलाज एकच, आईची फुंकर.

याला माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हतं. 'तो'बद्दल मामा म्हणाले ते खरं होतं. बालवाडीत एका मुलीला आम्ही 'त्या'चं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने कागद नुसता काळा केला होता. ते मी मामांना सांगितलं.

मामा : बघ. चेहराच नाही. गोयानेही हेच केलंय. त्याच्या 'काप्रिचोस' या १७९९ च्या चित्रमालेतलं तिसरं चित्र, 'कोको येतोय'. कोको म्हणजे स्पेनचा बागुलबुवा. डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढलेली आकृती, तोंड आपल्याला दिसतच नाही. पोरं आईला बिलगली आहेत.

मी : आणि पोरांना असं भिववणं गोयाला पसंत नव्हतं. म्हणून तर ते चित्र त्याने त्या मालेत घातलं.

मामा : मान्य. पण कोकोचं पुढे काय झालं ते ऐक, हे मला फार आवडतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबई बेटसुद्धा काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. त्याने आपल्याकडच्या औषधींवर लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि ते सगळं संवादात आहे. एक स्वतः ओर्ता, दुसरा त्याने कल्पिलेला रुआनो. एकाने शंका काढायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आपण बसलोय तसं. त्यात नारळाचं प्रकरण आहे. ओर्ता म्हणतो, शेंड्याखालच्या तीन खळग्यांमुळे नारळ माकडाच्या किंवा कुठल्याशा जनावराच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून आम्ही पोर्तुगिजांनी त्याला कोको म्हटलं. त्याच वर्षी लिस्बनला छापलेल्या इतिहासात जुआंव द बारुश म्हणतो, बायका पोरांना भिववायला जे नाव वापरतात, तेच आमच्या लोकांनी या फळाला दिलं. इंग्रजीतला कोकोनट तिथून आला. आपण देवापुढे फोडतो ते श्रीफळ, आणि त्यांच्या भाषेत तो बागुलबुवा!

मी : मामा, मला यात तुमच्याइतका आनंद होत नाही. बघा ना काय झालं ते. आत काही नसलेला शब्द होता, त्याला कुठेतरी तीन खळगे दिसले, आणि तो त्यांवर जाऊन बसला. पोकळ शब्द पोकळ राहत नाही. चेहरा शोधत फिरतो. तिकडे त्याला नारळ मिळाला. आपल्या बागुलाला कुणाचा चेहरा मिळाला? तुम्ही इतका वेळ बागुल उकललात. बुवा राहिला.

मामा : बुवात काय आहे? मुलांच्या जगात आपण सगळ्यांनाच नात्यात ओढतो. वाघाचा वाघोबा, कोल्ह्याचा कोल्होबा, चंद्राचा चांदोमामा. बागुलाचा बागुलबुवा झाला तो तसाच, भीतीची धार घालवायला. 'नाही बुवा', 'काय बुवा' म्हणतो, तितका मऊ शब्द आहे तो.

मी : वाघोबाच्या खांद्याला झोळी नसते, मामा. मामी मघाशी काय म्हणाल्या? झोळीत घालून नेईल. झोळी घेऊन दारी येणारा बुवा कोण? गोसावी, बैरागी, जोगी. तमिळमध्ये बागुलबुवाला पूच्चांडी म्हणतात. माझ्या शेजारच्या तमिळ बाईंनी सांगितलं, अंगाला राख फासलेला तो आंडी, म्हणजे भिक्षेकरी संन्यासी. दोन्हीकडे तेच माणूस. ज्ञानेश्वरांचा बागुल नुसता बागुल होता, तुम्हीच म्हणालात. आपण त्याला बुवाचे कपडे चढवले.

मामा : आणि त्यात बिघडलं काय?

मी : १ जुलै २०१८. राईनपाडा.

मामांनी मान खाली घातली. सटाण्याला ते नाव समजावून सांगावं लागत नाही. ते गाव ज्या साक्री तालुक्यात आहे, तो इथून शेजारीच. तरी मी बोलले, कारण मला ते बोलायचंच होतं. राईनपाड्याचा तो आठवडे बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हेच त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप तेव्हा मोबाइलवरून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं.

मामा : मी नाकारत नाही. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मी वही उघडली नव्हती. पण एक लक्षात घे, मला हे मनापासून वाटतं. तो बागुलबुवा नव्हता. बागुलबुवा खोटा आहे हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ते निरोप पाठवणारी मोठी माणसं होती आणि त्यांना ते खरं वाटत होतं. ज्ञानेश्वरांच्या भाषेत, त्यांचं पोरपण सरलंच नव्हतं. सगळा घात तिथे झाला.

मी : ते पोरपण कुणी दिलं त्यांना? लहानपणी रात्री ज्याला झोळीवाला दाखवला, तो मोठा झाल्यावर बागुल विसरतो, झोळी विसरत नाही. पुढे कधीतरी अनोळखी माणूस झोळी घेऊन समोर येतो. तोवर आतली कडी कधीच निघालेली असते. तुम्ही म्हणता भीतीला कपडे द्यावे लागतात. द्या. वाघाचे द्या, वाघळाचे द्या, नारळाचे द्या. ज्याला दारोदार हात पसरून पोट भरायचं आहे, त्याचे देऊ नका.

मामा : ओर्ताचंही पुढे असंच झालं. लपून ज्यू धर्म पाळायचा असा ठपका ठेवून, मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये गोव्याच्या धर्मसभेने त्याची हाडं उकरून जाळली. नारळाला चेहरा कसा मिळाला हे नोंदवून ठेवणारा माणूस.

मामा एवढंच म्हणाले आणि कंदिलाकडे बघत राहिले. त्यांनी माझं मान्य केलं की नाही, मला कळलं नाही. बहुधा अर्धंच केलं असावं. माझंही तसंच झालं होतं. काळा केलेला तो कागद माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

मामी कधीच्या दारात येऊन उभ्या होत्या. माझा चेहरा पडला. त्या खाली बसल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "आमची आजी रात्री झोळीवाल्याचंच भय घालायची. पण सकाळी तो डवरी गोसावी दारात येऊन उभा राहिला की धान्य घालायला आम्हा पोरांनाच पुढे ढकलायची. पसाभर बाजरी हातात द्यायची, म्हणायची, जा, घाल. पहिल्यांदा माझे हात असे लटलट कापले होते. अर्धी बाजरी खालीच सांडली. तो खाली बसला, एकेक दाणा वेचला त्याने. झोळीचं तोंड उघडं होतं. मी वाकून बघितलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? परत आला की मीच धावायचे."

मामा हसले नाहीत. त्यांनी मामींकडे पाहिलं, जणू इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती. मी माझ्या नाशिकच्या इमारतीचा विचार करत होते. फाटकावर पाटी आहे, फेरीवाले व भिक्षेकरी यांना प्रवेश नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. माझ्या लेकीने झोळी हा शब्द ऐकलाय, झोळी पाहिलेली नाही. वासुदेव तिने बघितला तो शाळेच्या स्नेहसंमेलनात, चकचकीत कागदाची टोपी घातलेला.

आतून हाक आली. लेक झोपलीच नव्हती.

"आजी, त्याच्या झोळीत काय असतं?"

मामी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. अंधारात चाचपडत आत गेल्या. गोधडी सरकवल्याचा आवाज आला, मग त्यांचा.

"पीठ असतं गं. आणि थोडी बाजरी."